भात माजा, तांदूळ कोनाचा?

गिऱ्हाइकाची सोय पाहणे हाच धंद्यातला खरा धर्म होय. हा धर्म मी मुरबाडच्या भातगिरणीवर सलग दोन महिने अत्यंत निष्ठेने पाळला. त्या दोन महिन्यांत गिरणीवर येणारी माणसे निम्म्यावर आली.

ही हकिगत एकोणीसशे पस्तीसच्या आसपासची. मी मूळचा शहापूरचा. कसाऱ्याला घाट चढणाऱ्या आगगाड्यांच्या इंजिनांची देखभाल करणाऱ्या टोळीत मी होतो. पुढे घाटात विजेची इंजिने आली आणि वाफेच्या इंजिनांबरोबर आम्हीही जुने झालो. मला भुसावळची बदली मिळत होती. त्याच सुमारास कळले, की मुरबाडचे एक जमीनदार तेलावर चालणारे इंजिन आणून भाताची गिरणी काढत आहेत आणि त्यांना मिस्त्री हवा आहे. या जमीनदारांना सगळे नानासाहेब म्हणत. मी बदली नाकारली. माझ्या वडिलांचा सगळा जन्म रेल्वेत गेलेला. ते म्हणाले, "पक्की नोकरी सोडून तांदूळ कांडायला चाललास. शिमग्याला परत येशील." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. बोलण्यासारखे जे होते ते त्यांनी सांगून टाकले होते.

इंजिन आसनगाव स्टेशनावर उतरले आणि किन्हवलीमार्गे बैलगाडीने मुरबाडकडे निघाले. काळू नदीच्या उतारात गाडी रुतली. वीसेक माणसे चाकांना खांदे देत होती आणि नानासाहेब काठावर उभे राहून इंग्रजीत सूचना करत होते. बैलांनी त्या मनावर घेतल्या असाव्यात, कारण गाडी अखेर निघाली.

ज्यांच्याकडे ज्वारी-बाजरी पिकते त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आमच्याकडे शेतातून येणाऱ्या टरफलासकट दाण्यालाही भातच म्हणतात. ते टरफल काढले की आतून तांदूळ निघतो. गिरणी येण्याआधी हे काम बायका उखळात मुसळाने करत. घरात दहा माणसे असली तर रोज पहाटे दोघींचे खांदे त्यात जात. बायकांची कांडणे बंद झाली आणि त्याबरोबर गाणी गेली, अशी खंत काही विद्वान करतात. त्यांनी मुसळ उचललेले नसावे.

गिरणीत भात वरच्या लाकडी पेटीत ओतायचे. खाली लोखंडी नळीत खाचांचा दांडा फिरतो. त्यात दाणे एकमेकांवर आणि लोखंडावर घासून टरफल सुटते. एका तोंडातून तांदूळ पडतो, दुसऱ्यातून तूस आणि कोंडा. मग बायका सुपाने पाखडतात, कणी वेगळी करतात. यंत्र एवढेच. बाकी सगळा आवाज.

नानासाहेबांनी दारावर दारापेक्षा मोठी पाटी लावली आणि शेजारी नियमांचा फलक. नियम बारा होते. त्या वाटेने जाणाऱ्यांत ते वाचू शकणारी माणसे तीन : नानासाहेब, मी आणि पोस्टमास्तर. पोस्टमास्तर तांदूळ विकत घेऊन खात.

दिवाळीनंतर गिरणी सुरू झाली. पहिला महिना नुसती झुंबड. निम्मे लोक भात घेऊन येत, निम्मे इंजिन बघायला. डोंगरपायथ्याच्या वाड्यांमधून बायका डोक्यावर भाताच्या पाट्या घेऊन तीन-तीन कोस चालत येत आणि दिवसभर नंबराची वाट बघत बसत. उन्हात, पोरे कडेवर घेऊन. मला ते बघवेना. रेल्वेत असताना मी एक गोष्ट शिकलो होतो, माणसाला थांबायला लावणे हा गुन्हा आहे आणि तो गुन्हा रेल्वे रोज करते. इथे तरी तो होऊ नये असे मला वाटले.

मी नानासाहेबांना एक योजना सांगितली. आम्ही आदल्या दिवशीच भरपूर तांदूळ भरडून ठेवायचा. बाईने भात आणून मापायचे, तेवढ्या भाताचा जेवढा तांदूळ निघतो तेवढा, शिवाय वर एक मूठ, लगेच हातात द्यायचा. आली, टाकले, घेतले, चालली. तूस-कोंडा-कणीचे ओझे परत न्यायचीही गरज नाही, ते गिरणीकडे राहील. नानासाहेब खुश झाले. त्यांनी फलकावर तेरावा नियम लिहवून घेतला.

मार्गशीर्षात योजना सुरू झाली. पहिल्या आठवड्यात अंगण रिकामे दिसू लागले आणि मला वाटले, बघा, कोणाला थांबावे लागत नाही. तिसऱ्या आठवड्यात अंगण सकाळपासूनच रिकामे दिसू लागले. पौष संपता संपता मी इंजिन एक दिवसाआड चालवत होतो, आणि तेही मुख्यतः ते गंजू नये म्हणून.

नानासाहेबांनी मला बोलावले. त्यांच्याकडे शहापूरचे एक शेठजी येऊन गेले होते. शेठजींचे म्हणणे असे, की इंजिन शोभते ते स्टेशनाजवळ. मुरबाडला रेल्वे नाही, माल हलत नाही, तेव्हा ते आपल्याला विकून टाकावे.

"शिमग्याला शेठजी इंजिन बघायला येणार आहेत," नानासाहेब म्हणाले. "तोवर गर्दी दिसली तर बघू. नाही तर इंजिन शहापूरला जाईल."

"आणि मी?"

"शेठजींचा भाचा इंजिन चालवतो म्हणे."

म्हणजे शिमग्याला इंजिन शहापूरला जाणार होते आणि मीही. वडिलांनी महिना बरोबर सांगितला होता. मला सर्वांत जास्त झोंबले ते हे.

दुसऱ्या दिवशी मुरबाडचा बाजार होता. मी गिरणी बंद ठेवून बाजारात गेलो. सुक्या मासळीच्या रांगेत आंबेवाडीची ठमाबाई दिसली. पहिल्या महिन्यात ती दर आठवड्याला यायची. पन्नाशीच्या आतली, बुटकी, काटक बाई. बोंबील वाकवून बघत होती आणि विकणारीला त्याचे वय विचारत होती.

मी म्हटले, "ठमाबाई, गिरणीवर दिसत नाही हल्ली?"

"येऊन काय करू, मिस्तरी? भात माजा, तांदूळ कोनाचा?"

"कोणाचाही असेना. माप पुरे आहे ना? उलट मूठभर जास्तच देतो."

तिने बोंबील खाली ठेवला. "तुमची पोर हाय ना शालंत?"

"आहे."

"सांजच्याला मास्तर बोलला, ही घ्या दुसऱ्याची, वजन सारखाच हाय, वर येक फ्राक जास्ती देतो, तं न्याल?"

मासळीवाली आणि आजूबाजूच्या चारजणी अशा हसल्या, की माझ्या कानाला उन्हाळा लागला. पण मी तिथून हललो नाही. शिमग्याला सहा आठवडे राहिले होते आणि मला फुकट शिकवणारे दुसरे कोणी दिसत नव्हते.

मग बायकांनी मला भात शिकवले. डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत हळवे भात होते, लवकर तयार होणारे. त्याचा तांदूळ जाड, तांबूस, फुगणारा. खाली पाणथळ खाचरांत गरवे होते, बारीक आणि पांढरे. मी सगळे एकत्र भरडून पांढरा तांदूळ वाटत होतो आणि त्याचा मला अभिमान होता.

"तुमचा तांदूल दिसाया गोरा," एक जण म्हणाली, "पन पोटात थांबत नाय. सकालला जेवून रानात गेली का दुपारला भूक."

"नि कोंडा तुमी ठेवलाव. आमच्या कोंबड्यांनी काय तुमची पाटी वाचायची?" दुसरी म्हणाली.

ठमाबाई एवढेच म्हणाली, "रांगंत बसाया आमची ना नव्हती, मिस्तरी. दिसभर बसलो तं चार वाड्यांच्या बाया भेटायच्या. घरी मुसल, रानात काटं. बसाया कोन देतो आमाला?"

माझी योजना गिऱ्हाइकाचा वेळ वाचवत होती. गिऱ्हाइकाने तो वाचवायला सांगितला नव्हता.

मी तेरावा नियम पुसला. मग विचार केला आणि फलकच काढला. पुढे कोंबड्या कोंड्याच्या खोलीत शिरू नयेत म्हणून तो आडवा लावला, तेव्हा त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला. नानासाहेबांना मी सांगितले, की फलक रंगवायला दिला आहे.

"ज्याचे भात त्यालाच त्याचा तांदूळ, तूस, कोंडा, कणी, सगळे" असे मी बाजारात तोंडी जाहीर केले. पहिल्या दिवशी सातआठ जणच आले, आणि त्यात महादू म्हातारा होता. सत्तरीचा असावा. सगळी आंबेवाडी त्याला आबा म्हणे. एक पायली भात घेऊन आला होता.

"मिस्तरी, ह्या लोखंडाच्या पोटात काय ऱ्हातो का?"

"नाही आबा. सगळे बाहेर येते. यंत्र आहे ते, चोरी करत नाही."

त्याने पेटीत भात ओतले आणि शेवटी कमरेच्या पिशवीतून मूठभर लाल तांदळाचे भात काढून वर टाकले. त्याचा तांदूळ पडला. त्याने तो पसरून बघितला, पिशवीत भरला आणि गेला नाही. पुढच्या बाईच्या टोपलीशी जाऊन उकिडवा बसला. तिचा पांढरा तांदूळ पडू लागला आणि त्यात एक लाल दाणा आला. मग चार. मग बरेच.

महादूने एक दाणा बोटावर उचलून माझ्या नाकासमोर धरला. "मंग ह्यो कोनाचा?"

खरी गोष्ट अशी, की नळी कधी पूर्ण रिकामी होत नाही. मागचे भात पुढच्याला ढकलते. शेवटचे दोन-चार मुठी दाणे आत राहतात आणि पुढच्या माणसाच्या भाताने बाहेर पडतात. मला हे माहीत होते. माझ्या मते ती क्षुल्लक बाब होती. महादूच्या मते ती त्याच्या शेतातली होती.

यंत्र प्रत्येक वेळी खोलून साफ करायचे तर दिवसात पाच जणांचेही भात भरडून झाले नसते. मी तसे कबूल करून टाकले. मग रांगेतली ठमाबाई म्हणाली, "आमच्या वाडीतला आमच्या वाडीत गेला तं जाऊं द्या. आमी तसाबी वाटी-वाटी येकमेकींचा नेतोच. दुसऱ्या वाडीचा नको."

इतके दिवस मी 'स्वतःचे' या शब्दाचा अर्थ एका माणसाचे असा घेत होतो. तिचा अर्थ एका वाडीचे असा होता. दोन्हींत जेवढा फरक होता तेवढाच माझ्या गिरणीचा जीव होता.

आम्ही वार पाडले. सोमवारी आंबेवाडी, मंगळवारी तिच्या पलीकडची वाडी, असे. ज्या दिवशी दोन वाड्या याव्या लागत त्या दिवशी मधे गिरणीचे स्वतःचे चार मुठी भात टाकून नळी धुऊन काढायची. त्याला बायकांनी 'गिरणीचा घास' असे नाव दिले. तो टाकताना दोन्ही वाड्यांची एकेक बाई उभी राहून बघे. महादू तर दोन्हीकडून बघे.

माणसे परतू लागली, पण पुरुषच जास्त. बायका दोघीतिघी मिळून येत, एकटी क्वचितच येई. एकटीला घरातून निघायला सवड मिळाली तरी ती सहसा येत नसे. याचे कारण मला पंधरा दिवस अंगणात उभा राहूनही दिसले नाही. डोक्यावरचे ओझे एकटीला उतरवता येत नाही. दुसऱ्याचा हात लागतो. बरोबर सोबतीण असली तर ठीक. गिरणीच्या अंगणात सगळे पुरुष आणि परक्या पुरुषाला 'जरा पाटी उतरवा' म्हणायचे कसे? मग एकटी आलेली बाई कुंपणाशी ओझे डोक्यावर घेऊन ओळखीची कोणी दिसेपर्यंत उभी राही. मी तिला रांगेत उभी आहे असे समजत होतो.

हेही ठमाबाईनेच सांगितले. उपायही तिनेच सांगितला : डोक्याएवढ्या उंचीचा कट्टा. त्याच्यापाशी जायचे, मान जरा कलवायची, पाटी कट्ट्यावर सरकवायची. जाताना तसेच उलट. कोणाची मिनतवारी नको.

गवंड्याने दोन दिवसांत दगडी कट्टा उभा केला. ठमाबाई पाटी घेऊन त्याच्यापाशी गेली आणि कट्टा तिच्या पाटीच्याही वर आला. गवंड्याने स्वतःच्या डोक्याचे माप घेतले होते.

"हा उंटांसाठी बांधला काय रे?" ती म्हणाली.

"मग कोणाच्या डोक्याएवढा बांधू?" गवंडी चिडला. "तुम्ही सगळ्या वेगवेगळ्या!"

मग दुसऱ्या दिवशी गिरणीच्या भिंतीला पाठ लावून आंबेवाडीच्या चौदा बाया उभ्या राहिल्या आणि गवंडी कोळशाने खुणा करत गेला. असा गोंधळ मी शिमग्यातही पाहिला नाही.

"ठमे, टाचा खाली कर गो!"

"तू अंबाडा खाली कर आदी!"

"माजी नंतर घे रं, अजून वाढायची हाय मी!" असे जी म्हणाली तिला नातवंडे होती.

चौदा खुणांचे एक माप निघेना. गवंडी कपाळाला हात लावून बसला. मग त्यालाच सुचले. अंगणाला नदीच्या बाजूला उतार होता. त्याने कट्टा सपाट ठेवला, पण तो उतारावर लांबवला. वरच्या टोकाला बुटकीने जायचे, खालच्या टोकाला उंच असेल तिने. जिला जिथे डोक्याशी लागेल तिथे तिने उभे राहायचे. मला आयुष्यात ज्या दोनचार गोष्टींचा हेवा वाटला त्यांत त्या गवंड्याचा तो कट्टा आहे.

एक अडचण राहिली. इंजिन कधी बिघडे, कधी तेल संपे, आणि माणसे तीन कोस चालून आल्यावर त्यांना ते कळे. मी एक उंच बांबू रोवला आणि इंजिन चालू असले की त्याच्या टोकाला माझे जुने धोतर बांधू लागलो. डोंगरातून ते स्वच्छ दिसे. चौथ्या दिवशी फौजदारसाहेब आले. ते दिवस असे होते, की काठीला कापड दिसले की सरकारला झोप येत नसे.

"हे निशाण कुठल्या पक्षाचं?"

"साहेब, धोतर आहे."

"कोणाचं?"

महादू म्हातारा मधेच म्हणाला, "मिस्तरींचा हाय साहेब. फाटका हाय, म्हनून वर लावलाय."

फौजदारांनी धोतर उतरवून घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि कापड लावायचे नाही असा हुकूम दिला. दुसरे काही लावायला त्यांची हरकत नव्हती. आम्ही टोपली लावली. टोपलीचा त्या काळी कुठलाच पक्ष नव्हता.

शिमग्याला आठवडा राहिला असताना आंबेवाडीची एक म्हातारी कणी पाखडता पाखडता मला म्हणाली, "ठमीला तुमी बरी वलवली, मिस्तरी. आमाला वाटला ती हिकडं पाय ठेवनार नाय."

"का?"

"तिच्या मालकानी लावनी केली नि सरावनात गेला तो. कापनी तिनी येकलीनी केली. तो भात तिनी बाजूला ठेवला व्हता. मालकानी लावलेला शेवटचा. कांडाया हात चालंना तिचा, म्हनून गिरनीवर आनला."

तो मार्गशीर्षातला पहिला आठवडा होता. मला तो दिवस आठवला. मी तिचे भात मापून मोठ्या ढिगात ओतले होते आणि तिच्या पाटीत गोरा, बारीक तांदूळ घातला होता. वर एक मूठ. ती तिथेच थोडा वेळ उभी होती. मला वाटले, एवढ्या लवकर काम झाले म्हणून तिला आश्चर्य वाटले असेल.

मी नंतर तिच्याजवळ तो विषय काढला. "ठमाबाई, ते भात..." एवढेच म्हणालो.

"खाल्ला आसंल कोनीतरी," ती म्हणाली. "भुकेला आसंल तो." आणि पाटी उचलून कट्ट्याकडे गेली. ते भात मी परत देऊ शकलो नाही. धंद्यातल्या बहुतेक चुका दुरुस्त करता येतात, पण ही तशी नव्हती.

शिमग्याच्या आदल्या सोमवारी शहापूरचे शेठजी आले. ठरल्यापेक्षा एक दिवस आधी, छकड्यातून, रेशमी काठाचा रुमाल बांधून. नानासाहेब अजून पोचायचे होते. सोमवार आंबेवाडीचा. अंगण भरले होते, कट्ट्यावर पाट्यांना जागा नव्हती, टोपली वर होती आणि इंजिन माझ्या मनासारखे ठोके देत होते. शेठजी सरळ इंजिनाच्या खोलीकडे निघाले. दारात ठमाबाई आडवी आली. मी आत तेलाचा डबा धरून उभा होतो. मला बाहेर यायला हवे होते. मी आलो नाही.

"कुठल्या वाडीचं तुमी?"

"वाडीचा? मी शहापूरचा."

"आज आंबेवाडीचा वार हाय."

"अगो बाई, मला भरडायचं नाही. इंजिन बघायचंय."

"बघायला पन रांग हाय. शेवटी उभं ऱ्हावा."

"तुला माहीत आहे का मी कोण?"

"भात कुठाय तुमचा?" तिने विचारले. शेठजींकडे भात नव्हते. सगळ्या रांगेने त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिले. शेठजींना आयुष्यात प्रथमच हात कुठे ठेवावेत ते कळेना. ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, आणि त्यांच्या मागे येणाऱ्या बाईने त्यांना 'जरा सरका' म्हणून कट्ट्यापासून दूर केले.

अर्ध्या तासाने नानासाहेब आले. आपला पाहुणा पाट्यांच्या रांगेत उभा बघून त्यांचा चेहरा उतरला. ते रागवायला तोंड उघडणार तोच शेठजींनी हात वर केला. ते अर्धा तास रांग बघत होते आणि ते व्यापारी होते.

शेजारी उकिडव्या बसलेल्या महादूला त्यांनी विचारले, "आबा, हे इंजिन शहापूरला नेलं, तर येशील का तिकडं भरडायला?"

"नाय बा. लांब हाय."

"मग काय करशील?"

"मुसला हायेत घरात. बायांचं खांदं हायेत." महादूने रांगेकडे बघितले. "इंजन न्या तुमी. लोखंडच हाय ते. पन ह्या बाया कुठल्या गाडीत घालनार?"

शेठजींनी मग आत येऊन इंजिन दोन मिनिटे बघितले. बाहेर जाऊन कट्ट्याकडे बराच वेळ बघितले. नानासाहेबांना ते म्हणाले, "इंजिन मला दुसरीकडेही मिळेल. हे इथंच राहू दे." नानासाहेबांनी "मीही तेच ठरवलं होतं" असे उत्तर दिले. मला वाटते, त्या क्षणी त्यांनी ते खरोखरच ठरवले होते.

पुढच्या वर्षी शेठजींनी शहापूरला नवीन इंजिन आणून गिरणी काढली. त्याआधी कट्ट्याचे माप न्यायला त्यांनी एक माणूस पाठवला. ठमाबाईने त्याला परत पाठवले आणि बाई पाठवायला सांगितले. शेठजींनी बाई पाठवली. त्या गिरणीवर पहिल्याच दिवसापासून गर्दी झाली. माझ्या वडिलांनी तिथे भात नेले आणि कट्टा कोणाच्या कल्पनेचा म्हणून चौकशी केली. त्या पाडव्याला ते माझ्याशी बोलले. "भुसावळला उन्हाळा फार असतो म्हणतात," असे ते म्हणाले. मला तेवढे पुरले.

मग लढाई आली. तेल मिळेना, धान्यावर बंधने आली, गाडीभर भात हलवायला कागद लागू लागले. इंजिन आठवड्यातून दोनच दिवस चालवता येई. सहा वाड्यांनी दोन दिवस कसे वाटून घ्यायचे, या प्रश्नावर मी एक तक्ता तयार करत बसलो होतो. तेवढ्यात बायकांनी कट्ट्यापाशी बसून आपसात ठरवूनही टाकले आणि जिच्या घरी लग्न असेल तिचा नंबर आधी, अशी सोय त्यात केली. माझ्या तक्त्यात लग्नाचा रकाना नव्हता. त्या सगळ्या वर्षांत अंगणात एकदाही भांडण पोलिसांपर्यंत गेले नाही. ठमाबाई दरवर्षी पहिल्या सोमवारी स्वतः लावलेले, स्वतः कापलेले हळवे भात आणी. नळीच्या तोंडाशी हात धरून उभी राही आणि पहिला दाणा पडला की दाताखाली फोडून बघे. मग माझ्याकडे न बघता मान डोलवी.

मी सतरा वर्षे ते इंजिन चालवले. नानासाहेबांना गिरणीचा अभिमान शेवटपर्यंत होता. मुरबाडला कोणी अधिकारी किंवा पाहुणा आला की ते त्याला आधी गिरणीवर आणत. यंत्राने डोंगरातल्या बायाबापड्यांचे कष्ट कसे हरले आणि आपण गिऱ्हाइकाचे मन कसे ओळखले, हे कट्ट्यावर हात ठेवून सांगत. मग ते पाहुण्याला आग्रहाने घरी जेवायला नेत. जेवणात भात असे. तो उखळात कांडलेल्या तांदळाचा असे, कारण नानासाहेबांच्या मातोश्रींना गिरणीचा तांदूळ चालत नसे.